ड्रोनचा व्हिडिओ थरथरतो, फोटो मऊ येतो: नवा ड्रोन घ्यायच्या आधी काय तपासायचं

पावसाळा सरून हवा निवळली की ड्रोनच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांची रांग लागते. तक्रार बहुतेक एकच असते: व्हिडिओ थरथरतो, कॅमेरा वळवताना चित्र अडखळतं, फोटो मोबाइलवर झकास दिसतो पण मोठ्या पडद्यावर उघडला की मऊ पडतो. त्यापाठोपाठचा प्रश्नही ठरलेला, "वरचं मॉडेल घेऊ का?"

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. थरथर आणि अडखळणं यासाठी नवा ड्रोन घेऊ नका. ही दुखणी पात्यांची, शटरची (म्हणजे एकेका फ्रेमसाठी कॅमेरा किती वेळ उजेड घेतो त्याची) आणि उडवायच्या वेळेची आहेत. लाखभर रुपये मोजून आणलेल्या ड्रोनलाही ती तशीच जडतात. नवा ड्रोन घ्यायला लावणारी खरी कारणं माझ्या मते तीन: कमी उजेड, जोराचा वारा आणि लांबची लेन्स. त्यांच्याकडे नंतर येतो. आधी हातातला ड्रोन नीट तपासू.

थरथर कुठली, ते ओळखा

सगळ्याच हलण्याला 'शेक होतंय' म्हटलं जातं आणि निदान तिथेच चुकतं. क्लिप संगणकावर उघडा, तिच्यात एखादा विजेचा खांब किंवा इमारतीची उभी कड शोधा आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहा.

खांबच पाण्यातल्या प्रतिबिंबासारखा लहरत असेल तर तो 'जेलो'. मोटर आणि पात्यांची कंपनं कॅमेऱ्यापर्यंत पोचतायत. या कॅमेऱ्यांचा सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो. वाचून होईपर्यंत कॅमेरा हलला की वरच्या ओळी एकीकडे आणि खालच्या दुसरीकडे पडतात. हा दोष यांत्रिक आहे, कुठल्याही सेटिंगने जात नाही.

खांब सरळ राहतो, पण ड्रोन वळताना उड्या मारत पुढे जातो? मग शटर फार जलद आहे. खांब सरळ आहे, उड्याही नाहीत, पण अख्खी चौकट हळूहळू डोलते किंवा क्षितिज कलतं? मग वारा तरी आहे किंवा गिंबल तरी (गिंबल म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारी मोटरींची चौकट). आणि चित्रावरून काळसर पट्ट्या झपझप जात असतील तर ती पात्यांची सावली.

एक गोष्ट त्याआधीच बाजूला काढा. ४ के फाइल एच.२६५ या जास्त दाबलेल्या व्हिडिओ प्रकारात असेल तर जुना लॅपटॉप ती चालवताना अडखळतो आणि बिचाऱ्या ड्रोनवर आळ येतो. तीच फाइल दुसऱ्या, नव्या संगणकावर चालवून पाहा. मध्येच रेकॉर्डिंग बंद पडत असेल तर मेमरी कार्ड बघा. डीजेआय कंपनीचा छोटा ड्रोन मिनी २ सेकंदाला १०० मेगाबिटपर्यंत लिहितो, म्हणजे साधारण साडेबारा मेगाबाइट; कार्डावर व्ही ३० किंवा यू ३ ही वेगाची खूण छापलेली असेल तर ते पुरून उरतं. फक्त कार्ड अस्सल हवं. बाजारात नकली कार्डांचा सुळसुळाट आहे, त्यामुळे नवं कार्ड आणलं की संगणकावर पूर्ण भरून आणि परत वाचून तपासल्याशिवाय मी ते लग्नाच्या कामाला कोणाला वापरू देत नाही.

जेलो: पाती, वाळू आणि रबर

मध्यंतरी एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याचा ड्रोन तपासायला आला. अडीचशे ग्रॅमच्या आतला, वरून अगदी नवा कोरा दिसणारा. मालकाने गिंबल दोनदा कॅलिब्रेट करून, म्हणजे ॲपमधून नव्याने जुळवून घेतलं होतं. पात्याच्या पुढच्या कडेवरून नख फिरवलं तर टोकापासून बोटभर आत नख किंचित अडकलं. डोळ्याला दिसत नव्हतं; उजेडासमोर तिरकं धरलं तेव्हा खोबणी दिसली, तांदळाच्या कणीएवढी. झाडाच्या फांदीला कधीतरी चाटून गेलं असणार. त्या मोटरवरची पात्यांची जोडी बदलली आणि जेलो गेला.

तेव्हा सुरुवात पात्यांपासून करा. प्रत्येक पात्याची पुढची कड नखाने तपासा. बुंध्याशी, स्क्रूच्या जवळ, प्लास्टिक पांढुरकं पडलं असेल तर ते पातं ताणून थकलंय, काढून टाका. मिनी मालिकेत पाती छोट्या स्क्रूंनी बसवलेली असतात. एक खराब झालं तरी त्या मोटरवरची दोन्ही बदला, कारण जोडीचं वजन जुळवलेलं असतं. नव्या पात्यांबरोबर येणारे नवेच स्क्रू वापरा. त्यांच्या आट्यांना ते सुटू नयेत म्हणून लेप दिलेला असतो आणि एकदा उघडलेल्या स्क्रूचा लेप निघून गेलेला असतो. पाती दोन प्रकारची असतात, घड्याळाच्या दिशेने फिरणारी आणि उलटी. मोटरवरची खूण आणि पात्यावरची खूण जुळवा, नाहीतर ड्रोन उडताक्षणी पालथा होतो.

मग ड्रोन बंद ठेवून प्रत्येक मोटर बोटाने फिरवा. मोटर आतल्या चुंबकांमुळे टप्प्याटप्प्याने फिरते, ते ठीक. पण करकर किंवा खरखर जाणवली तर आत काहीतरी गेलंय. कोकणातून आलेल्या ड्रोनमध्ये हे हमखास सापडतं. रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावरची काळी वाळू तुम्ही पाहिली असेल. त्या किनारपट्टीच्या वाळूत इल्मेनाइटसारखी लोखंड असलेली खनिजं असतात आणि मोटरच्या चुंबकाला असे कण चिकटून बसतात. नुसती हवा मारून ते निघत नाहीत. बारीक पट्टीच्या टोकाला चिकटपट्टी उलटी गुंडाळा, मोटर थोडी थोडी फिरवत कण टिपून घ्या. किनाऱ्यावर ड्रोन वाळूवरून कधीच उडवू नका आणि वाळूवर उतरवू नका. घडीचं लँडिंग पॅड मिळतं ते घ्या. नसेल तर कडक पुठ्ठा दगडांनी दाबून ठेवा.

पाती नवी, मोटरी स्वच्छ आणि तरीही जेलो असेल तर गिंबलच्या रबरांकडे वळा. कॅमेऱ्याची पट्टी छोट्या रबरी गोळ्यांवर तोललेली असते. ड्रोन जरा जोरात उतरला किंवा बॅगेत दाबला गेला तर एखादी गोळी खाचेतून निसटते. कॅमेरा एका कोपऱ्यात लोंबल्यासारखा दिसतो, कधीकधी तेवढंही दिसत नाही. टॉर्च मारून चारही कोपरे पाहा, निसटलेली गोळी लाकडी टूथपिकने हळूच परत खाचेत ढकला. धातूचा चिमटा वापरू नका; बाजूनेच गिंबलची चपटी केबल जाते, ती कापली गेली तर मात्र खरंच खर्चात पडाल.

स्वस्तातला जाड काचेचा फिल्टर लावलेला असेल तर तोही काढून पाहा. छोट्या ड्रोनचं गिंबल ठरावीक वजनाच्या कॅमेऱ्यासाठी तोललेलं असतं. पुढे वजन वाढलं की गिंबलच्या मोटरी सतत झगडतात आणि बारीक थरथर उमटते. त्याच मॉडेलसाठी बनवलेला हलका फिल्टर घ्या.

अडखळणारं चित्र: शटरचं गणित

भर दुपारी, आयएसओ १०० वर, एफ १६ ला साधारण १/१०० सेकंदाचं शटर लागतं, हा फोटोग्राफीतला जुना आडाखा. (आयएसओ म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता; एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक मोठं.) आता मिनी २ ची लेन्स एफ २.८ आहे आणि ती बारीक करता येत नाही. एफ १६ पासून २.८ पर्यंत पाच पायऱ्या, प्रत्येक पायरीला उजेड दुप्पट. म्हणजे तेवढ्याच उन्हात शटर १/३२०० वर जातं. २५ फ्रेमच्या व्हिडिओत प्रत्येक फ्रेम एका सेकंदाच्या ३२०० व्या भागात गोठते, पुढची फ्रेम खूप पुढे गोठते आणि डोळ्याला मधला सांधा सापडत नाही. त्यालाच आपण अडखळणं म्हणतो.

डोळ्याला ओघवतं वाटायला शटर फ्रेम रेटच्या दुपटीच्या आसपास हवं: २५ फ्रेमला १/५०, ३० फ्रेमला १/६०. १/३२०० वरून १/५० वर यायचं तर उजेड ६४ पटींनी कमी करायला हवा, म्हणून भर उन्हात एनडी ६४ (एनडी म्हणजे लेन्सवर लावायचा काळसर फिल्टर; तो आकड्याएवढ्या पटींनी उजेड कमी करतो). सकाळ-संध्याकाळच्या तिरक्या उन्हात एनडी १६ बहुतेक पुरतो, ढगाळ दिवशी एनडी ८. आधी एक्स्पोजर मॅन्युअलवर टाका, आयएसओ १०० धरा, शटर बसवा आणि मग चित्र बरोबर उजळ दिसेल तो फिल्टर निवडा. ऑटोवर ठेवलंत तर कॅमेरा आकाशाकडून जमिनीकडे झुकताना उजेड वरखाली होत राहतो, आणि ते लुकलुकणं एडिटिंगमध्ये काढताना नाकी नऊ येतात. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, तोसुद्धा ऑटोवर नको. भातखाचरांवरून नदीकडे वळताना रंग बदलतो.

इथे नवा ड्रोन घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मिनी ३ प्रो आणि मिनी ४ प्रो यांची लेन्स एफ १.७ आहे, तीही न बदलणारी. म्हणजे उजेड आणखी अडीच-पावणेतीन पट आत येतो आणि दुपारी शटर अजून जलद पळतं; एनडी ६४ अपुरा पडतो, १२८ लागतो. जुन्या ड्रोनवर चित्र अडखळत होतं म्हणून नवा घेतला आणि फिल्टर घेतले नाहीत, तर नवा जास्त अडखळेल. त्याच कंपनीच्या मोठ्या मॅव्हिक ३ च्या मुख्य कॅमेऱ्याची लेन्स एफ २.८ पासून एफ ११ पर्यंत बारीक करता येते, तिथे थोडी मोकळीक मिळते.

फोटोंसाठी मात्र हे फिल्टर काढून ठेवा. फोटोला जलद शटर चांगलंच असतं.

पात्यांच्या सावलीचं दुखणं सोपं आहे. सूर्य समोरून, जरा वरून असा असतो की फिरत्या पात्यांची सावली लेन्सवर पडते आणि जलद शटर तिच्या पट्ट्या पकडतं. ड्रोन थोडा वळवा, कॅमेरा जरा खाली झुकवा, किंवा एनडी लावून शटर हळू करा. पट्ट्या जातात.

मऊ फोटो

सर्वांत आधी लेन्सची काच. समुद्रावरून आलेल्या ड्रोनच्या काचेवर खाऱ्या तुषारांचा पातळ थर असतो, आणि पावसाळ्यात घाटमाथ्यावर ढगात शिरलेल्या ड्रोनच्या काचेवर दव. सूक्ष्मतंतूंचं स्वच्छ कापड हळुवार फिरवा. शर्टाची बाही नको.

काच स्वच्छ असेल तर फोटो जेपीईजीबरोबर डीएनजी मध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्येही घ्या. छोट्या सेन्सरचं जेपीईजी दाणे घालवण्याच्या नादात झाडांची पानं, कौलं, गवत सगळं चोपडून टाकतं आणि वरून कडा ताणून धारदारपणाचा आव आणतं. मोबाइलवर ते छान दिसतं, मोठ्या पडद्यावर पितळ उघडं पडतं. तोच फोटो डीएनजी मधून काढला की कौल न् कौल वेगळं दिसतं. एकच ड्रोन, एकच क्षण, दोन फाइली. स्वतः करून बघा म्हणजे पटेल.

४८ मेगापिक्सेलवर ठेवलेला कॅमेरा संध्याकाळी १२ वर आणा. या सेन्सरमध्ये चार-चार बिंदू एका रंगाच्या गाळणीखाली बसवलेले असतात. उजेड कमी असताना चौघांचा मिळून एक बिंदू केलेलाच बरा. सूर्यास्ताला आकाश आणि जमीन यांत फार तफावत असेल तर तीन किंवा पाच फोटोंचं ब्रॅकेटिंग करून, म्हणजे तोच फोटो कमी-जास्त उजेडात घेऊन, जोडा.

आणि हवा. हे कुठलाही ड्रोन बदलून सुटत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस नुकताच गेलेला असतो, दूरचे डोंगर नितळ दिसतात. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पुण्यासारख्या खोलगट शहरात धूर आणि धुकं खाली अडकून बसतं, मार्च-एप्रिलमध्ये धुळीची पांढुरकी झापड सगळीकडे. कॅमेरा आणि विषय यांच्यात चार किलोमीटर अशी हवा असेल तर फोटो मऊच येणार. जवळ जा, कमी उंचीवरून घ्या, सूर्य बाजूला ठेवून घ्या.

क्षितिज कलत असेल तर ड्रोन सपाट जागी ठेवून गिंबल कॅलिब्रेट करा. गच्चीवरच्या आरसीसी स्लॅबवर किंवा गाडीच्या बॉनेटवर कंपास कॅलिब्रेट करू नका. आतल्या लोखंडाने तो फसतो. मोकळ्या मातीच्या मैदानात करा.

मग नवा कधी घ्यायचा?

वरचं सगळं करूनही दिवेलागणीनंतरचे फोटो दाणेदार येत असतील तर सेन्सरची मर्यादा खरोखर आली. मिनी २ चा १/२.३ इंची सेन्सर साधारण २८ चौरस मिलिमीटरचा आहे, एअर २ एसचा एक इंची ११६ चा, मॅव्हिक ३ चा फोर-थर्ड्स २२५ चा. मोठ्या सेन्सरवर उजेड जास्त गोळा होतो, एवढं बरोबर. पण लेन्सही मोजा. मिनी ३ प्रो चा सेन्सर १/१.३ इंची, साधारण ७० चौरस मिलिमीटर, पण लेन्स एफ १.७, तो एक इंची एफ २.८ पेक्षा संध्याकाळी जास्त उजेड आत घेतो. 'एक इंच' हा शब्द ऐकून दुपटीहून जास्त वजनाचा ड्रोन घ्यायला निघालेल्यांना मी हा हिशेब मांडून दाखवतो.

दुसरं कारण वारा. मिनी ३ प्रो आणि एअर २ एस दोन्हींची वाऱ्यात टिकायची मर्यादा सेकंदाला १०.७ मीटर, म्हणजे ताशी साडेअडतीस किलोमीटर दिली आहे. मॅव्हिक ३ ची १२ मीटर. आकडा सारखा असला तरी जड ड्रोन कमी डोलतो, हे फुटेजमध्ये दिसतं. मात्र वाऱ्याची वेळ टाळणं हे ड्रोन बदलण्यापेक्षा स्वस्त पडतं. किनाऱ्यावर दुपारी खारे वारे चढतात. सूर्योदयानंतरचा तासभर, मतलई वारे मंदावून खारे सुरू व्हायच्या मधला, शांत असतो. सह्याद्रीच्या कड्यांजवळ वारा भिंतीला आपटून उभा वर येतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर खाली टाकलेली हलकी वस्तू परत वर येते, हे तिथे गेलेल्यांनी पाहिलंय. तसा वारा ड्रोनला वर फेकतो आणि कड्याच्या मागे खाली दाबतो. (ते ठिकाण कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय ड्रोन तिथे बॅगेतच राहू द्या.)

जाताना वाऱ्याविरुद्ध जा, येताना वाऱ्याबरोबर या. मिनी २ चा नेहमीच्या मोडमधला कमाल वेग सेकंदाला १० मीटर आहे; समोरून तेवढाच वारा आला तर ड्रोन पूर्ण ताकदीने उडूनही जागचा हलत नाही. अशा वेळी उंची कमी करून स्पोर्ट मोडवर आणा, तिथे वेग १६ पर्यंत जातो.

तिसरं कारण लांबची लेन्स. देवळाच्या शिखराचं कोरीवकाम, गर्दीतली पालखी, डोंगरामागे डोंगर असा दाटलेला देखावा, हे २४ मिलिमीटरच्या रुंद लेन्सने होत नाही. जवळ नेलं तर धोका, लांबून घेतलं तर ठिपका. एअर ३ वर दुसरा ७० मिलिमीटरचा कॅमेरा आहे. माणसांवरून ड्रोन न नेता लांबून चित्र घेता येतं, म्हणून लग्नाच्या कामाला तो फरक मला सेन्सरच्या आकारापेक्षा मोलाचा वाटतो.

अडीचशे ग्रॅमची रेषा

भारतात वरचं मॉडेल घेताना कॅमेऱ्याआधी वजन पाहावं लागतं. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला टाइप सर्टिफिकेट (ते मॉडेल तपासून मंजूर केल्याचा दाखला) लागत नाही, रिमोट पायलट सर्टिफिकेटही (उडवणाऱ्याचा परवाना) लागत नाही. मायक्रो व्यवसायासाठी उडवायचा तर पायलटचं सर्टिफिकेट हवं, ड्रोनला टाइप सर्टिफिकेट हवं, तिसऱ्या पक्षाचा विमा हवा. एअर ३ चं वजन ७२० ग्रॅम, मॅव्हिक ३ चं ८९५. लग्नाची कामं घेणाऱ्याने हा खर्च आणि ही कागदपत्रं ड्रोनच्या किमतीत धरूनच विचार करावा. मिनी ३ प्रो मध्ये जास्त वेळ चालणारी 'प्लस' बॅटरी घातली तरी तो अडीचशेच्या वर जातो. काटा घरी ठेवा, फिल्टर लावून वजन करा.

९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद. तेव्हा "अमेरिकेतला भाऊ येताना घेऊन येतोय" हा बेत सोडा. विमानतळावर सीमाशुल्काचे अधिकारी ड्रोन अडकवून ठेवतात आणि भावाला आल्या आल्या मनस्ताप होतो. आणि ड्रोन कितीही हलका असला तरी उडवण्याआधी हवाई नकाशा बघा. पुण्यात लोहगावला वायुदलाचा तळ, खडकवासल्याला एनडीए. गोव्यात दाबोळीला नौदलाचा तळ. मुंबईत पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेश वेळोवेळी निघतात. रायगड, सिंधुदुर्ग अशा संरक्षित किल्ल्यांवर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी.

या सगळ्यामुळे बरेच जण वापरलेला ड्रोन शोधतात. तसा घेत असाल तर मालकाला मोकळ्या जागी, वारा नसताना, तुमच्यासमोर उडवायला सांगा. चालू केल्यावर गिंबल स्वतःची चाचणी घेतं, तेव्हा कॅमेरा अडकतो का पाहा. हवेत स्थिर ठेवून रिमोटच्या दांड्यांवरून हात काढायला सांगा. ड्रोन गोल गोल सरकत राहिला तर कंपास किंवा जीपीएसचं दुखणं आहे. खांबाची क्लिप घ्या, एक डावी-उजवी फेरी घ्या, एक डीएनजी फोटो घ्या आणि ते कार्ड स्वतःच्या लॅपटॉपवर उघडा, त्याच्या मोबाइलवर नको. ॲपमध्ये बॅटरी किती वेळा चार्ज झाली ते दिसतं. बॅटरी काढून टेबलावर ठेवा. सपाट बसायला हवी, डुगडुगली तर ती फुगलेली आहे, घेऊ नका. बिल आणि नोंदणीचा क्रमांक मागा. शेवटी मालकाच्या खात्याशी जोडलेला ड्रोन त्याच्याच मोबाइलवरून तुमच्यासमोर मोकळा करून घ्या, तुमच्या खात्यात चालू होतो हे बघा, आणि पैसे त्यानंतर द्या.